आरशासारखा स्क्रू

नाशिक फाट्याला बसने करकचून ब्रेक मारला, उभी असलेली सगळी माणसं पुढे झुकली आणि परत आपापल्या जागी आली, माझा पुढचा दात मात्र परत जागी आला नाही. पडला असता तर एक वेळ चाललं असतं. रक्त आलं असतं, कंडक्टरने शिटी मारली असती, कुणीतरी हळहळलं असतं. तो नुसता हलला. वरच्या ओठामागे बारीक 'टक' झालं आणि ते टक नाकाच्या मुळातून थेट डोळ्यांपर्यंत चढलं. शेजारच्या बाईच्या मांडीवरची मेथीची जुडी घसरून माझ्या पायांवर पडली होती. "उचल की गं, बघतीयास काय नुसती," ती म्हणाली. मी जुडी उचलून दिली, तोंड मिटून. तोंड मिटून! दिवाळीपासून मी एकही गोष्ट तोंड मिटून केली नव्हती. जिभेचं टोक हळूच दातामागे नेलं आणि दाबलं. दात पुढे गेला. जीभ काढली, दात मागे आला. न्हाणीघराच्या सैल कडीसारखा. आता परत करायचं नाही असं ठरवलं आणि लगेच परत केलं. बस सुटली, खिडकीतून धूळ आली, आणि मला बसमधल्या प्रत्येक माणसाचा राग आला, कारण त्या सगळ्यांच्या तोंडात दात होते आणि ते त्यांना आठवतही नव्हते.

हा दात माझा नव्हता, म्हणूनच तो इतर सगळ्या दातांपेक्षा जास्त माझा होता. खरा गेला पाचवीत. आमच्या संत तुकाराम नगरात नळाला पाणी आलं नाही की सगळ्या बाया कळश्या घेऊन हापशावर, त्यांच्यात मी. माझ्या पुढच्या बाईने हापशाचा दांडा खाली दाबला आणि मध्येच सोडला, तो उसळला आणि माझ्या तोंडावर आला. दात मुळासकट गेला. त्या बाईने वर मलाच शिव्या घातल्या, कार्टी मधे तडमडली म्हणून. तेव्हापासून मी फाटक. कासारवाडीच्या रेल्वे फाटकावरून वासंतीने काढलेलं नाव. "हसीना फाटक! वा गं, आता सदाशिव पेठेत राहायला जा!" सगळा वर्ग हसला, आणि मीही हसले असते, पण हसायचं तर हात तोंडावर न्यायला हवा आणि हातात पट्टी होती. मग मी हसायचंच सोडलं. बोलायचंही. बाईंनी प्रश्न विचारला की उत्तर माझ्या पोटात तयार असायचं, तिथून घशापर्यंत यायचं, दाताच्या त्या भोकापाशी येऊन थांबायचं आणि परत फिरायचं. पाचवी, सहावी, सातवी, आठवी. परत फिरलेल्या उत्तरांचं काय होतं ते मला माहीत आहे. ती कडू होतात. मी मनातल्या मनात इतकी वाईट बोलायला शिकले की कुणी ऐकलं असतं तर मला शाळेतून काढलं असतं.

अब्बा तेव्हा एका मोठ्या कंपनीत बफिंगला होते. बफिंग म्हणजे गरगर फिरणारं कापडाचं चाक, त्याला हिरव्या वडीचा लेप, आणि त्यावर छातीचा जोर लावून दाबून धरलेला लोखंडाचा तुकडा. आत जाताना मळकट, बाहेर येताना आरसा. मीरासाहेबांच्या, म्हणजे अब्बांच्या, हातचा गाडीचा बंपर आला की सुपरवायझर त्यात बघून भांग पाडतो, असं अम्मी पाहुण्यांना सांगायची. अब्बांची हातापायांची नखं हिरवी, रुमाल हिरवा, सर्दी झाली की तीही हिरवी. मग कंपनीत संप झाला, बरीच माणसं कमी झाली, त्यांत अब्बाही, आणि ते भोसरीला नंदकिशोर साहेबांच्या शेडमध्ये लागले. तिथे मोडलेल्या हाडाला आतून बसवायच्या स्टीलच्या पट्ट्या होतात. पट्ट्या चकाकायलाच लागतात, त्यामुळे अब्बांचं बरं चाललं होतं. पण साहेबांना वेड टायटॅनियमचं. विमानात वापरतात तो धातू. हलका, गंजत नाही, आणि म्हणे माणसाचं हाड त्याला परकं समजत नाही. चिंचवडच्या डॉक्टर पद्मजाबाई दातांच्या, त्यांना साहेबांनी त्या धातूचे छोटे स्क्रू करून दिले. जबड्यात भोक पाडायचं, स्क्रू बसवायचा, वर हिरडी शिवून टाकायची आणि हाडाला काही महिने एकटं सोडायचं. हाडाने स्क्रू धरला की हिरडी उघडून वर दात चढवायचा. एका छापखान्यातल्या जुळाऱ्याला बसवला, एका पोस्टमनला बसवला, त्यांचे धरले. मग अब्बांनी साहेबांना विचारलं, माझ्या पोरीला बसवता का.

बसवायच्या आदल्या दिवशी साहेब मुंबईला गेले होते आणि स्क्रू डॉक्टरांकडे पोचवायचं काम अब्बांकडेच होतं. ते आधी तो घरी घेऊन आले, रुमालात. चहाही न पिता म्हणाले, "इकडे ये. हात धुऊन ये." मी खिडकीपाशी नेऊन बघितला. हरभऱ्याच्या डाळीएवढं माझं तोंड त्यात दिसलं, आणि तेवढ्याशा तोंडात फाटकसुद्धा. "अब्बा, आरसाय हा!" "मग? माझ्या लेकीचाय." त्यांनी तो माझ्या हातातून घेतला, माझ्या बोटाचा डाग पडला होता तो रुमालाने पुसला, आणि तसं पुसताना त्यांचा चेहरा असा झाला होता की मला त्यांच्याकडे बघवेना. तो चेहरा मी पुढचे सगळे महिने जपून ठेवला. हिरडी सुजली तेव्हा, टाके काढले तेव्हा, नुसती पेज पिऊन राहिले तेव्हा. दिवाळीच्या सुट्टीत दात चढला आणि मी फुटले. धरण फुटतं तशी. शाळा उघडल्याच्या दिवशी प्रत्येक तासाला माझा हात वर. हसणं तर असं की चाळीतल्या बाया खिडकीत यायच्या. वासंतीने लगेच नाव बदललं, 'विमान', पण विमान म्हटल्याने कुणी खाली येत नाही. वक्तृत्व स्पर्धेला दुर्गाबाईंनी वासंतीचं नाव कापून माझं घातलं. "मुलगी बोलते की तोफ डागते," म्हणाल्या. शनिवारी स्पर्धा, चिंचवडला, सगळ्या शाळांची. आणि आज शुक्रवार होता, आणि माझ्या तोंडात सैल कडी होती.

दुर्गाबाईंनी तालीम घेतली. विषय 'यंत्र आणि माणूस'. मी उभी राहिले. सन्माननीय अध्यक्ष. यातला पहिलाच स. स म्हणताना जीभ दाताच्या मागे येऊन टेकते, हे मला कधीच माहीत नव्हतं आणि आता त्याशिवाय दुसरं काही माहीत नव्हतं. जीभ टेकली की दात पुढे सरकणार. म्हणून मी जीभ मागे ठेवून स म्हटला आणि तो शिटीसारखा निघाला. बाईंनी चष्म्यावरून बघितलं. "हसीना, तोंडात गोळी आहे का?" मी मान हलवली. मागच्या बाकावरून वासंती म्हणाली, "बाई, विमानात बिघाड झालेला दिसतोय. मी तयार आहे हं, माझं पाठ आहे." तिचा आवाज इतका गोड होता की त्याला मुंग्या लागल्या असत्या. मी म्हटलं, "विमान बिघडलं तरी बैलगाडीला कुणी उडायला सांगत नाही." वर्ग हसला. या वेळी तिच्यावर हसला. पण बोलताना दात हलला होता आणि मला ते लोखंडी टक ऐकू आलं होतं, आणि वासंती हसली नव्हती. ती माझ्या ओठांकडे बघत होती. मांजर बिळाकडे बघतं तशी, न कंटाळता. बाई म्हणाल्या, "उद्या सकाळपर्यंत हे शिट्टी प्रकरण थांबलं पाहिजे. नाहीतर वासंती जाईल. शाळेचा प्रश्न आहे." शाळेचा! तोंड माझं आणि प्रश्न शाळेचा. डोकं दुखतंय सांगून मी मधल्या सुट्टीतच दप्तर उचललं आणि भोसरीच्या त्या धुरकट रस्त्याने शेडकडे चालत निघाले. दोन्ही बाजूंना कारखाने, पत्र्यांमागून ठोकण्याचे आवाज, आणि प्रत्येक ठोका माझ्या दातात.

अब्बांना एकटं गाठून सांगायचं होतं, पण ते जुम्म्याच्या नमाजाला गेले होते. शेडमध्ये नंदकिशोर साहेब होते, बाह्या सरसावलेले, आनंदात. ते नेहमीच आनंदात असतात, आणि दुसऱ्याच्या तोंडातल्या गोष्टींवर आनंदात असणाऱ्या माणसाचा मला त्या दिवशी फार राग आला. "या या, आमची जाहिरात आली! हस बघू." मी हसले नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही. कोपऱ्यात एक लोखंडी पेटी होती, समोर काच, काचेखाली दोन भोकं आणि भोकांत रबरी हातमोजे बसवलेले, आत हात घालून काम करायचं. कंप्रेसर धाप टाकत होता. साहेबांनी पेटीतून एक ट्रे काढला. ट्रेमध्ये स्क्रू होते, माझ्यासारखेच, आणि तरीही माझ्यासारखे नव्हते. राखाडी. दगडी पाटीसारखे, मेलेले. "हात लाव, लाव, हे नमुन्याचे आहेत." मी बोट फिरवलं. मांजराची जीभ. बोटाच्या कातडीला ते स्क्रू पकडत होते. "वाळूचा मारा केलाय," साहेब म्हणाले. "हवेच्या जोराने. मग आम्लात बुडवून साफ. आता गवंडी गिलावा करण्याआधी भिंतीला टाचे का मारतो? गुळगुळीत भिंतीवर गिलावा धरत नाही म्हणून. हाडाचं तेच. या बारीक बारीक खड्ड्यांत हाड शिरतं, वाढतं, घट्ट बसतं. गुळगुळीत स्क्रू घातला तर हाड त्याच्याकडे पाठ फिरवतं." ते आणखी बरंच बोलत होते. मला त्यांचे ओठ हलताना दिसत होते आणि ऐकू येत होती सकाळची वडारीण. मी बससाठी निघाले तेव्हा ती चाळीच्या तोंडाशी ओरडत होती, "टाकी लावायचीऽ का, पाट्यालाऽ, जात्यालाऽ", आणि अब्बा कामावर गेलेले म्हणून अम्मी पाटा ओढत बाहेर आणत होती. "बघ गं, नुसता तुळतुळीत झालाय. चटणी सरकते इकडून तिकडे, वाटलीच जात नाही." वडारणीने छिन्नी टेकवली होती आणि पाट्यावर पांढरे ठिपके उमटायला लागले होते, टक, टक, टक. दर वर्षी हा पाटा अब्बाच उचलून बाहेर नेऊन देतात. दर वर्षी.

"माझाही असाच होता?" मी विचारलं. "अर्थात. सगळे असेच. मीरासाहेबांना मी कडक सांगितलंय, ब्लास्टिंग झाल्यावर बफ लावायचा नाही. हातच लावायचा नाही." "का लावायचा नाही, ते सांगितलंत?" "का म्हणजे?" "हे आत्ता मला सांगितलंत ते. गिलावा, खड्डे." साहेब हसले. वाईट नाही, चांगलेच हसले, म्हणून जास्त वाईट. "अगं, त्यांना काम सांगायचं असतं. कारणं सांगत बसलो तर दिवसाचं काम कधी व्हायचं?" मला, नववीतल्या पोरीला, सांगायला त्यांना वेळ होता, कारण मी जाहिरात होते. माझी जीभ दातामागे गेली, दात हलला, आणि खिडकीपाशी बघितलेलं ते डाळीएवढं तोंड माझ्या डोळ्यांसमोर उभं राहिलं, स्वच्छ, चकचकीत. मी म्हटलं, "माझा दात हलतोय." तेव्हा कुठे साहेबांचा आनंद थांबला. कंप्रेसरचं बटण बंद करावं तसा.

साहेब स्कूटरवरून पुढे चिंचवडला गेले, डॉक्टरांना कळवायला. अब्बा आले, डोक्यावर अजून जाळीची टोपी, मला बघून घाबरले. "दात हलतोय, डॉक्टरांकडे चला," एवढंच मी म्हटलं आणि त्यांनी सायकल काढली. मी कॅरिअरवर एका अंगाला बसले. समोर त्यांची पाठ. शर्टवर घामाचा नकाशा, आणि मानेच्या घडीतसुद्धा ती हिरवी. त्या पाठीला मिठी मारून मी लहानपणी झोपले आहे, आणि आज मला तिच्यावर दप्तर आपटावंसं वाटत होतं. कासारवाडी आली. मग त्या पाठीला म्हटलं, "तुम्ही घासलात ना?" "काय?" "माझा स्क्रू. बफ मारलात." पायडलचा एक फेरा चुकला. बाजूने ट्रक गेला, त्याचा धूर आमच्या दोघांच्या तोंडात. "उगीच जरासा हात फिरवला," अब्बा म्हणाले. "जरासा? त्यात तोंड दिसत होतं माझं!" "मग? तू बघितलेस ना बाकीचे? कसले ते. चुलीतून काढल्यासारखे. ते पोस्टमनला चालतात. माझ्या पोरीच्या तोंडात कायमचं जाणार होतं बेटा. आतला असला म्हणून काय झालं, मला तर ठाऊक होतं ना आत काय आहे." "साहेबांनी नको म्हटलं होतं." "साहेब! नवा माणूस चुकून चाकावर तुकडा जास्त झिजवतो, कडा घालवतो, म्हणून साहेब नको म्हणतात, असं मला वाटलं. मी काय नवा माणूसय? पंधरा वर्षं चाकावर गेली माझी." "पाट्याला टाकी का लावतात अब्बा?" त्यांनी घंटी वाजवली, समोर कुणी नव्हतं. "सांगा ना. दर वर्षी उचलून नेता. का लावतात?"  पिंपरीचा चढ लागला. ते उतरले नाहीत, उभे राहून पायडल मारायला लागले. मीही उतरले नाही. उतरायला हवं होतं, नेहमी उतरते. मी कॅरिअरवर माझं सगळं वजन टाकून बसले आणि त्यांचा श्वास ऐकत राहिले, आणि तो जितका वाजत होता तितकं मला बरं वाटत होतं.

डॉक्टर पद्मजाबाईंच्या खुर्चीचं रेक्झिन थंड असतं. त्यांनी चिमट्याने दात धरला आणि चिमटा नुसता फिरवला, आणि स्क्रू असा निघून आला की जणू कधी बसलाच नव्हता. रक्तही फारसं नाही. कापसाचा बोळा. एक्स-रे त्यांनी दिव्यासमोर धरला, साहेब त्यांच्या खांद्यावरून बघत होते. स्क्रूच्या भोवती एक काळी रेघ होती, पेन्सिलीने गिरवल्यासारखी. "हाडाने धरलाच नाही," बाई म्हणाल्या. "नुसत्या मांसात उभा होता. नंदकिशोर, बाकी सगळे धरले आणि हिचाच नाही, म्हणजे तुमचा स्क्रू ठीक आहे. हाडातच दोष दिसतो. असतं एकेकाचं हाड ठिसूळ." मग अब्बांकडे वळून, मोठ्याने, ऐकू कमी येणाऱ्या माणसाशी बोलतात तशा, "काय हो, घरी दूधबिध देता का मुलीला? का नुसता चहाच?" साहेब म्हणाले, "दुसरा घालून बघायचा का?" "छे. काय उपयोग? हिचं हाड घेणारच नाही. काढता-घालता दात बसवू, प्लॅस्टिकचा, तारेचा." मी आडवी होते, तोंडात कापूस, वर तो पांढरा दिवा. हिचं हाड. घेणारच नाही. मी दिव्याकडे बघत वाट बघत होते. अब्बा भिंतीला लागून उभे होते, जाळीची टोपी आता हातात, आणि तिच्या भोकांतून बोट घालत होते, काढत होते. आता बोलतील. आता. एक वाक्य होतं, लहान. मी ते मनात त्यांच्यासाठी म्हटलंसुद्धा. बाई कार्डावर लिहायला लागल्या. अब्बा आपल्या चपलांकडे बघत होते. आणि मला कळलं की ते बोलणार नाहीत, बोललं तर साहेबांचा विश्वास जाईल, विश्वास गेला तर नोकरी, आणि त्यापुढे माझं हाड ठिसूळ म्हणून कार्डावर लिहिलं गेलं तर जाऊ दे. आयुष्यभर तारेचा दात, हसताना जिभेने धरून ठेवायचा. त्यांनी ते तोलून बघितलं होतं आणि टोपीतून बोट फिरवत होते.

मी कापूस काढून फेकला. "माझं हाड चांगलं आहे," मी म्हटलं. तोंडातून नुसती हवा निघाली, पण मी थांबले नाही. "स्क्रू चकाकवलेला होता. अब्बांनी बफ मारला होता. बघा त्याच्याकडे. बघा ना! तुम्हीच तर बसवलात, तेव्हा दिसलं नाही?" पद्मजाबाईंनी ट्रेमधला स्क्रू पाण्याखाली धरला. रक्त गेलं आणि तो चमकला. निर्लज्जासारखा. त्यांनी तो बोटांत फिरवून बघितला. मग म्हणाल्या, "मला वाटलं, नंदकिशोरांनी काही नवीन प्रकार केला असेल." "विचारायचं!" मी म्हटलं. "तुम्ही त्यांना विचारलं नाही, यांनी अब्बांना सांगितलं नाही, आणि अब्बांनी..." साहेब हळू आवाजात म्हणाले, "मीरासाहेब?" अब्बांनी मान वर केली. "साहेब, ती राखाडी पोरीच्या तोंडात कशी घालायची? मला जमलं नाही." बाईंनी नळ बंद केला. "सोमवारी बोलू आपण," साहेब म्हणाले, आणि सोमवार या शब्दाला इतकी धार असते हे मला पहिल्यांदाच कळलं. बाईंनी कार्डावरची ओळ खोडली. "खड्डा भरून येऊ दे. उन्हाळा जाऊ दे. मग बघू." "बघू, का करू?" त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं, त्या दिवसात पहिल्यांदाच. मला त्या आवडत नव्हत्या आणि त्यांनाही मी आवडत नव्हते. "करू," त्या म्हणाल्या. साहेबांनी स्क्रूसाठी हात पुढे केला, "हा मला लागेल, तपासायला." मी तो ट्रेमधून उचलला आणि मूठ मिटली. "हा माझाय." मुठीत तो गुळगुळीत, घामाने निसटता. धरायला गेलं तर धरवत नव्हता. हाडाने तरी काय करायचं होतं?

परतीच्या वाटेवर आम्ही दोघंही सायकल हातात धरून चालत आलो, म्हणजे सायकल त्यांच्या हातात, मी दुसऱ्या बाजूने, मधे सायकल.  घरी अब्बा सरळ आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडले. त्यांनी अम्मीला काय सांगितलं कुणास ठाऊक, पण ती बाहेर आली ती हात कमरेवर ठेवूनच. "चारचौघांत बापाला उघडं पाडलंस? दात गेला तर गेला, जीभ कशाला एवढी लांब केलीस? पंधरा वर्षं त्या माणसानं मान खाली घालून काम केलं. कुणी बोट दाखवलं नाही. आणि घरच्या पोरीनं दाखवलं!" "मग काय करायचं होतं? माझं हाड वाईट म्हणून घ्यायचं होतं?" "घ्यायचं होतं! हाड काय दिसतंय कुणाला?" मला दिसतं, मी म्हणणार होते. मला आतून दिसतं. पण ती स्वयंपाकघरात गेली होती आणि भांडी आपटत होती, माझ्यावर, आणि बहुतेक सोमवारवरही. मी बाहेरच्या ओट्यावर जाऊन बसले. जीभ भोकात गेली. ओळखीचं भोक, जुनं, पाचवीतलं, पण त्याच्या कडा आता नव्या. मी हळूच म्हटलं, सन्माननीय अध्यक्ष. शिटी वाजली. परत म्हटलं. जीभ थोडी वर, टाळूला धरून. शिटी कमी झाली, स जाडाभरडा झाला, पण उभा राहिला. समोरच्या खोलीतली पोरं वाकून बघायला लागली. बघा. उद्या वासंतीनेही बघावं, पहिल्या रांगेत बसून, तोंडभर दात घेऊन. तोंड झाकायला मी हात नेणार नाही. फाटक तर फाटक, त्यातून गाडी जाणारच आहे.

पाटा तिथेच बाजूला उभा करून ठेवला होता, नवी टाकी लावलेला. अजून अम्मीने त्यावर तांदूळ वाटून दगडाची खर काढली नव्हती. पांढऱ्या ठिपक्यांनी भरलेला, देवी आलेल्या तोंडासारखा. मी तो आडवा केला. मूठ उघडली. उन्हं कलली होती, तेवढ्यातही स्क्रू लखलखला आणि त्यात मी दिसले, डाळीएवढी, फाटकासकट, अगदी त्या दिवशीसारखी. आणि रुमालाने बोटाचा डाग पुसणारा तो चेहराही आठवला, जो मी इतके महिने जपला होता, आणि आता तो कुठे ठेवायचा ते मला कळत नव्हतं. टाकून देता येत नव्हता. जवळही ठेवता येत नव्हता. मी स्क्रू पाट्यावर टेकवला आणि घासायला लागले. घसरला. परत धरला. बोटं सोलवटली. किर्र किर्र असा आवाज, दातांत शिरणारा, चाळीतल्या एका बाईने आतून ओरडून विचारलं, काय चाललंय गं. मी घासत राहिले. उचलून बघितलं तर एका अंगाला ओरखडे, आणि दुसऱ्या अंगाला अजून मी. परत घासला, जोराने, सगळ्या अंगाने, वडारणीच्या हाताने, डॉक्टरबाईंवर, साहेबांवर, मेथीच्या जुडीवर, हापशाच्या दांड्यावर. हा स्क्रू आता कुणाच्याच तोंडात जाणार नव्हता, मला माहीत होतं. तरी मला त्यात मी दिसायला नको होते.

दारात पावलं वाजली आणि थांबली. मी वर बघितलं नाही. हिरव्या नखांचे पाय माझ्या डोळ्यांच्या कोपऱ्यात उभे होते, बराच वेळ, काम बघणाऱ्या माणसाचे असतात तसे, थोडे फाकलेले. आता ओरडतील, मला वाटलं. किंवा आता रडतील, आणि मग मला काहीतरी करावं लागेल. मला काही करायचं नव्हतं. मी घासत होते.

"तसं नाही," अब्बा म्हणाले. त्यांचा आवाज खरखरीत झाला होता. "एकाच जागी दाबू नको. सगळीकडून सारखं लागलं पाहिजे. फिरवत घास."

मी त्यांच्याकडे बघितलं नाही. पण स्क्रू बोटांत फिरवला, आणि फिरवत घासला.